परत कावळा शिवला

आई "परत कावळा शिवला रे" असं म्हणाली, तेव्हा पुष्कर लॅपटॉपवर एका वाक्याशी झगडत होता. त्याची कंपनी घरपोच जेवणाचं ॲप चालवायची आणि त्या ॲपचं मराठी तपासणं हे त्याचं काम होतं. 'तुमचं जेवण वाटेत आहे' असं लिहिलं, तर जेवण रस्त्यात सांडल्यासारखं वाटतं का, यावर सकाळपासून विचार चालला होता. गुरुग्रामच्या त्या ऑफिसात त्याच्या मजल्यावर दुसरं कुणीच मराठी नव्हतं. त्यामुळे तो तज्ज्ञ होता.

"कधी शिवला?" त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"झाले दोन-तीन दिवस. म्हटलं थांबेल आपोआप. आता या वयात हे बरं का?"

"यात वयाचा काय संबंध? लागलं का तुला? रक्तबिक्त?"

आई दारात उभी होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "येतंय थोडं."

"मग डेटॉल लाव."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आत जाऊन घासलेली भांडी घासायला लागली.

आईचं माहेर मिरजेचं. तिच्या लहानपणी तिथे बाईला कावळा शिवला म्हणजे तिची पाळी आली. पाळी हा शब्द पुरुषमाणसांसमोर काढायचा नाही, म्हणून बायकांनी ते सगळं एका पक्ष्यावर ढकललं होतं, आणि कावळ्याने कधी तक्रार केली नव्हती. आईची पाळी जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. आता अचानक रक्त जायला लागलं होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा असली गोष्ट मुलाला सांगितली, ती तिच्याकडे असलेल्या सगळ्यात सभ्य शब्दांत सांगितली.

आणि मुलगा दिल्लीत वाढलेला होता. त्याच्या मते कावळा म्हणजे कावळा.

अगदीच काही माहीत नव्हतं असंही नाही. कावळा शिवणं त्याने एकदा पाहिलं होतं, वडिलांच्या दहाव्याला. मुरलीधररावांच्या पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी पुष्करने "बाबा, आईला मी सांभाळीन" असं मोठ्याने कबूल केलं आणि कावळा आला. त्यामुळे आईला 'परत' कावळा शिवला हे ऐकल्यावर त्याने जो अर्थ लावला, तो त्याच्या परीने बरोबर होता. बाबा तपासणीला आले होते.

बाबांनी चौदाव्या मजल्यावर येऊन आईला चोच मारावी हे त्याला आवडलं नाही. त्याने बाल्कनीला जाळी बसवायची ठरवली.

जाळीवाला आला, त्याने बाल्कनी मोजली आणि विचारलं, "कबूतर बहुत हैं?"

"कबूतर नहीं, कौवा है. मम्मी को छूता है."

जाळीवाल्याने थोडा विचार केला. "कौवे की जाली नहीं आती, साहब. कबूतर की लगा देता हूँ. कौवा भी समझदार होता है, बुरा नहीं मानेगा."

जाळी बसली. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा रंग नियमात बसत नाही असं लिहिलं, त्यावर तीन दिवस चर्चा झाली. पुष्करने लिहिलं की हा आईच्या तब्येतीचा प्रश्न आहे. त्याने लिहिलेल्या सगळ्या वाक्यांत तेवढं एकच खरं होतं, हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं.

जाळी लागल्यावर त्याने आईला विचारलं, "आता शिवतो का?"

"नाही," आई म्हणाली. "थांबलं."

"बघ. मला आधीच सांगायचं ना."

हे दिवाळीच्या आधीचं. जानेवारीत कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची फुकट तपासणी काढली. आईची सोनोग्राफी झाली आणि गर्भाशयात गाठ निघाली. चांगली मोठी. फायब्रॉइड असावा, असं लिहून आलं.

डॉक्टर अहलावत मोठ्या इस्पितळातले मोठे सर्जन होते. बोलणं मऊ, हात स्वच्छ, भिंतीवर त्यांचा कुठल्याशा परिषदेत हार घातलेला फोटो. त्यांनी सांगितलं, घाबरायचं काही नाही, असल्या गाठी पुष्कळ बायकांना असतात. पोटाला तीन छोटी छिद्रं पाडायची. दुर्बीण घालायची. आतल्या आत गाठीसकट पिशवी सुटी करायची, दुसऱ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, बारीक तुकडे करायचे आणि छिद्रातून ओढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी घरी.

"पिशवी पिशवीत घालून बारीक करणार," पुष्करने आईला सांगितलं.

"मिक्सरमध्ये?" आईने विचारलं.

"तसंच काहीतरी."

मग डॉक्टरांनी पेन उचललं. "मेनोपॉज हो गया है ना? उसके बाद कभी ब्लीडिंग? एक बूँद भी?"

हे त्यांनी पुष्करकडे बघून विचारलं. आई शेजारीच बसली होती. तीस वर्षं दिल्लीत काढलेली बाई, मटारवाल्याशी हिंदीत भांडून कोथिंबीर फुकट आणणारी. पण ती त्या वेळी भिंतीवरच्या फोटोतला हार बघत होती. झेंडूचा होता.

"नो, नो," पुष्कर म्हणाला. "बिल्कुल नहीं."

आईने फोटोवरून नजर काढली, मुलाकडे पाहिलं आणि परत फोटोकडे वळवली. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. ऑपरेशन बुधवारचं ठरलं.

रविवारी वैभवी जेवायला आली. वैभवी म्हणजे पुष्करच्या मावशीची मुलगी, तासगावची. दिल्लीत मुनिरक्याला एका खोलीत आणखी दोघींबरोबर राहून यूपीएससीची तयारी करत होती. जगातल्या कुठल्याही विषयावर अडीचशे शब्दांत संतुलित उत्तर देण्याची तिला सवय लागली होती. आई आत पोळ्या लाटत होती. वैभवी बाल्कनीत गेली आणि जाळीला बोट लावून म्हणाली, "दादा, तुरुंग केलास की रे. कबुतरं फार का?"

"कबुतरांचं काही नाही. आईला कावळा शिवायचा."

वैभवीचं बोट जाळीत राहिलं. "काय?"

"कावळा शिवायचा. आता बंद झालंय, जाळी लावल्यापासून."

"तुला कोण म्हणालं हे?"

"आईच. दिवाळीच्या आधी. जरा रक्तही आलं होतं, पण..."

"दादा," वैभवी म्हणाली. तिने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग बाल्कनीचं काचेचं दार लावून घेतलं. "तुला कावळा शिवणं म्हणजे काय वाटतं?"

पुष्करने सांगितलं. बाबांचंही सांगितलं, कारण आता सांगितलंच आहे तर पूर्ण सांगावं. वैभवीच्या चेहऱ्यावर हसू येतंय असं त्याला वाटलं, पण ते आलं नाही, आणि ते न येणं त्याला नंतर पुष्कळ दिवस आठवत राहिलं. तिने चार वाक्यांत अर्थ सांगितला. या वेळी उत्तर संतुलित नव्हतं.

"पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं तर ताबडतोब दाखवायचं असतं, येड्या. आमच्याकडे तालुक्याच्या शिबिरातसुद्धा सांगतात. डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"बिल्कुल नहीं."

"काय बिल्कुल नहीं?"

"असं सांगितलं. बिल्कुल नहीं."

वैभवी गेल्यावर पुष्करने फोन काढला आणि वाचायला बसला. वाचलं ते असं, की फायब्रॉइड म्हणून दिसणाऱ्या गाठींपैकी अगदी थोड्या फायब्रॉइड नसतात. त्यात कॅन्सर लपलेला असतो, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. अशी गाठ पोटात बारीक केली, तर तिचे कण पोटभर पसरू शकतात आणि गाठीपुरता असलेला आजार सगळीकडे होतो. म्हणून आधी शोधायचं. वय बघायचं, पाळी गेली का बघायचं, आणि विचारायचं, रक्त जातंय का.

विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं.

बुधवारला मध्ये दोनच दिवस होते. त्याला आईला विचारायलाच हवं होतं, खरंच थांबलंय का, किती जातंय. विचारायचं कोणत्या भाषेत हा प्रश्न होता. इंग्रजीत ते मीटिंगसारखं वाटत होतं. हिंदीत परक्यासारखं. मराठीत त्याच्याकडे जो एक शब्द होता, तो त्याला त्याच दिवशी मिळाला होता.

आई मटार सोलत होती. तो समोर बसला आणि एक शेंग उचलली.

"आई, तो कावळा."

आईचा हात थांबला. "त्याचं काय?"

"अजून शिवतो?"

आईने आणखी एक शेंग फोडली. मग, "मधूनमधून."

"जाळी लावल्यावर पण?"

"जाळीला काय कळतंय."

"रोज शिवतो?"

"रोज नाही. मध्ये चार दिवस बरे जातात. मग एकदम येतो."

"एकटाच? का... म्हणजे, जास्त असतात का कधी?"

आईने एक दाणा तोंडात टाकला. "संक्रांतीला थवा आला होता," ती म्हणाली. "चादर बदलावी लागली."

एवढं बोलून ती शेंगा सोलायला लागली. पुष्करही सोलायला लागला. त्याने दाणे टरफलांच्या ढिगात टाकले आणि टरफलं दाण्यांत. आईने ती मुकाट्याने वेगळी केली. मला तेव्हा काही कळलंच नव्हतं, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते त्याने गिळलं. आईची अशी समजूत होती की मुलाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे, आणि माहीत असूनच त्याने डॉक्टरांना नाही सांगितलं, म्हणजे त्यामागे काहीतरी विचार असणार. निदान पुष्करला असं वाटत होतं की तिची अशी समजूत आहे. आपण मूर्ख की नालायक, यातलं काय ठरलेलं बरं, हे त्याला ठरवता येईना.

सोमवारी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच तो डॉक्टरांच्या दारात जाऊन बसला. एकटाच.

"सर, एक बात रह गई थी. मम्मी को ब्लीडिंग होती है. दिवाली के पहले से."

डॉक्टर अहलावतांनी चष्मा काढला. "आपने तो मना किया था."

"जी."

"मैंने साफ़ पूछा था."

"जी. आपने मुझसे पूछा था."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. मग हळूच म्हणाले, "हाँ. आपसे पूछा था." त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "पर आपको पता कैसे नहीं चला? साथ रहते हैं ना?"

मग पुष्करने एका नामवंत सर्जनला कावळा समजावून सांगितला. जाळीपर्यंत आला तेव्हा दारातली नर्स बाहेर निघून गेली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं.

"हमारे गाँव में 'कपड़े आना' बोलते थे," ते म्हणाले. "मुझे लगता था बुआ को हर महीने कोई पार्सल भेजता है." पुष्करला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पर मैं तब आठ साल का था."

बुधवार रद्द झाला. आधी पिशवीच्या अस्तराचा नमुना तपासायला गेला. तो चांगला आला. पुष्करने जिन्यात उभं राहून वैभवीला फोन केला, दोघं जवळजवळ ओरडलेच. मग डॉक्टरांनी सांगितलं की यावर विसंबता येत नाही. अस्तरातलं असेल तर या तपासणीत दिसतं, स्नायूच्या गाठीत दडलेलं निसटू शकतं. एमआरआय झाला. त्यात गाठीचा एक भाग बाकीच्यापेक्षा वेगळा दिसला. कॅन्सर आहे का? सांगता येत नाही. नाही का? तेही सांगता येत नाही. गाठ बाहेर काढून, कापून, काचेवर ठेवल्याशिवाय खात्री देणारी तपासणीच नव्हती. म्हणून आता दुर्बीण नको, तुकडे नकोत, पिशवीत पिशवी नको. पोट उघडून सगळं अख्खं बाहेर काढायचं, आणि शेजारी कॅन्सरचे सर्जन उभे राहणार.

हे आईला सांगणं पुष्करकडे आलं.

"तीन भोकांचं ठरलं होतं ना?" आई म्हणाली. "आता एवढं कापणार? का?"

"गाठ अख्खी काढायचीय. तुकडे नको म्हणतात."

"का नको?"

"म्हणजे त्यात... कधीकधी साधी गाठ नसते. दुसरं काही असलं, तर."

"दुसरं काय?"

पुष्करने शोधलं. आजीने, पणजीने यासाठीही एखादा पक्षी ठेवला असेल, एखादं झाड, एखादी दूरची आत्या, अशी त्याला आशा होती. काहीच सापडलं नाही. तो पडद्याच्या कड्या मोजल्यासारखं करत राहिला.

"कॅन्सर म्हण की," आई म्हणाली. "तोंड काय वाकडं करतोस?"

"तो."

"बरं मग. अख्खी काढू देत. पोट काय, आता कुणाला दाखवायचंय."

ऑपरेशन झालं. गाठ अख्खी आली. रिपोर्टला बरेच दिवस लागले, आणि आला तेव्हा त्यात तेच होतं, जे नसावं म्हणून सगळं चाललं होतं. सार्कोमा. पण गाठीच्या आतच. कडेपर्यंत पोचलेला नव्हता, फुटलेला नव्हता. सध्या औषधाची गरज नाही, पण दर काही महिन्यांनी छातीचा आणि पोटाचा स्कॅन, आणि पुढे काय होईल ते पुढे.

"ठीक टाइम पर बता दिया आपने," डॉक्टर अहलावत म्हणाले.

"दिवाली में बता देता तो?"

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "तो छोटा होता," ते म्हणाले.

त्यानंतर पुष्करचं कौतुक सुरू झालं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. वैभवीने कुणाला काही सांगितलं नाही आणि आईने सगळ्यांना एकच सांगितलं: डॉक्टर तुकडे करणार होते, पुष्करने ऐन वेळी धावत जाऊन थांबवलं. तासगावहून मावशीचा फोन आला, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांनी फळांची टोपली पाठवली. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनी पुष्करचं उदाहरण स्वतःच्या मुलाला दिलं, आणि तो मुलगा 'थँक यू यार' एवढाच मेसेज पाठवून मोकळा झाला. पुष्कर प्रत्येकाला म्हणायचा, "नाही हो, माझीच चूक होती." प्रत्येकजण म्हणायचा, "बघा, किती नम्र." त्याने चूक जितकी जोरात सांगितली, तितका तो थोर होत गेला. टोपलीतलं एकही संत्रं त्याच्या घशाखाली उतरलं नाही. सगळी आईने खाल्ली.

पहिल्या स्कॅनच्या दिवशी दोघं कॅन्सर विभागाच्या कॉरिडॉरमध्ये नंबर लागायची वाट बघत बसले होते. खुर्च्या लोखंडी, एकमेकींना जोडलेल्या. एकजण हलला की सगळी रांग हलायची.

"आई, एक सांगायचंय."

"सांग."

"तू पहिल्यांदा म्हणालीस ना, परत शिवला. मला तेव्हा कळलंच नव्हतं. मला खरंच पक्षी वाटला."

"माहितेय."

पुष्कर वळला. रांग हलली. "काय माहितेय?"

"डेटॉल लाव म्हणालास. आपल्या आईला असं सांगण्याएवढा निर्लज्ज नाहीयेस तू. तेव्हाच कळलं, या गाढवाला काही समजलेलं नाही."

"मग नीट का नाही सांगितलंस?"

आई समोरच्या दाराकडे बघत होती. "सुटले म्हटलं," ती म्हणाली. "माझ्याकडून सांगून झालं होतं. तुला नाही कळलं तर बरंच. आणि तिथे डॉक्टरांना तू बिल्कुल नहीं म्हणालास, तेव्हा तर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. एवढ्या मोठ्या बाप्यासमोर आता काही बोलायला नको. म्हटलं, जाऊ दे. बारीक करून टाकतायत ना."

"म्हणजे तुला माहीत होतं मी चुकीचं सांगतोय."

"शेजारीच तर बसले होते."

"पण उत्तर मी दिलं."

"मी देऊ दिलं."

"मी न विचारता दिलं, आई. तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"मी तरी कुठे बघत होते? हार बघत होते."

"माझी चूक मोठी आहे."

"मोठी असेल. सगळी नाही. अर्धी माझी आहे, ती इकडे दे."

"अर्धी नाही देणार."

"हावरट मेला," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

पलीकडच्या खुर्चीवरच्या सरदारणीने सहानुभूतीने मान वळवली. "प्रॉपर्टी का मामला है, बहनजी?"

"हाँ जी," आई म्हणाली. "अकेला सब रखना चाहता है."

"लड़के ऐसे ही होते हैं."

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. पुष्कर फाइल घेऊन उठला. आईने फाइल त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू इथेच बस."

"अगं, पण तिथे नवीन डॉक्टर आहेत, सगळं पहिल्यापासून विचारतील..."

"म्हणूनच."

ती आत गेली. दार पूर्ण लागलं नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज बाहेर आला, मटारवाल्याशी बोलायचा होता तो, वरच्या पट्टीतला. "खून जाता था, डॉक्टर साहब. नीचे से. दिवाली के पहले से. चादर तक."

कॉरिडॉरमधली सगळी माणसं एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागली. सरदारणीने पुष्करकडे पाहिलं.

आतून पुरुषाच्या आवाजात काहीतरी विचारलं गेलं.

"नहीं," आई म्हणाली. "मैंने किसी को बताया ही नहीं. मेरी ही ग़लती है."

पुष्कर अर्धा उठला. रांग हलली. तिने सांगितलं होतं. त्यालाच सांगितलं होतं, त्याच्या तोंडावर, दारात उभं राहून. हे आत जाऊन सांगायला हवं होतं. पण आईने त्याला बाहेर बसायला सांगितलं होतं, आणि या वेळी तिने जे सांगितलं, ते त्याला नीट कळलं होतं. तो परत खाली बसला.